ट्रॉलीकडची बाजू

पोटबाईनं चटईवर उताण्या पडलेल्या काडीच्या कमरेखाली हात सरकवला आणि पलीकडून बाहेर काढून दाखवला.

"इथून मांजर जाईल," ती म्हणाली. "दाबून टेकवू नका. फक्त बघा, पाठ कुठं टेकलीये आणि कुठं नाही."

काडीनं बघितलं. हे बघणं डोळे मिटून करायचं असतं, एवढं ती आठ आठवड्यांत शिकली होती. उजव्या खांद्याचं पातं चटईला टेकलेलं, डावं किंचित उचललेलं. खालच्या बरगड्या मागून कुणी ढकलल्यासारख्या पुढे आलेल्या. श्वास गळ्यापर्यंत येऊन परत फिरत होता. मागच्या बरगड्यांत श्वास घ्या, असं पोटबाई म्हणाली. पहिल्या आठवड्यात यावर सगळ्या खिदळल्या होत्या, मागं काय नाक असतं का म्हणून. आज काडीनं तो घेतला. पाठ छत्रीसारखी सावकाश उघडली आणि कमरेखालचं मांजर आपोआप चपटं झालं.

शेजारच्या चटईवर घड्या घालणारी बाई मस्त घोरत होती. कामाच्या वेळात आडवं व्हायला मिळतंय म्हटल्यावर तिनं पिलाटीज नावाच्या या व्यायामाचा तेवढाच भाग मनापासून घेतला होता.

वर्ग भरायचा कँटीनमध्ये, टेबलं भिंतीला लावून. लाँड्री तीन इस्पितळांच्या चादरी धुऊन द्यायची. मागच्या वर्षी एक्केचाळीस बायकांपैकी एकोणीस जणींनी पाठ, मान, खांदा दुखतो असं लेखी दिलं. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरची जागा आणि उंची बदलायची तर मशीन चार दिवस बंद ठेवावं लागलं असतं. बायका दुरुस्त करणं सोपं वाटलं. म्हणून आठवड्यातून दोनदा ही शिकवणारी यायला लागली, अर्धा तास, बारा आठवडे. तिचं 'पोट आत' इतकं चालायचं की पहिल्याच दिवशी काडीच्या रोलरवरच्या आक्कानं तिला पोटबाई करून टाकलं. दिवसभर मशीन चादरी पिळतं, आता ही आपल्याला पिळणार, हेही आक्काच म्हणाली होती. त्या दिवशी ती चटईवर आडवी झाली, आणि उजव्या हातावर भार देऊन तिला परत उठता येईना. दोघींनी धरून उभं केलं. त्यानंतर ती वर्गाला आली नाही.

पोटबाई बाकी खोटी नव्हती. दुखतं म्हणून कुणी सांगितलं की ती म्हणायची, दुखतं हे मला कळलं, आता रस्ता सांगा. कुठून निघतं, कुठून जातं, कुठं जाऊन थांबतं. चौतीस वर्षं काडी या अंगात राहत होती, पण छत गळायला लागल्याशिवाय वर न बघणाऱ्या भाडेकरूसारखी. आता तिला रस्ते दिसायला लागले होते. चादर लावताना ती दात आवळते. उभी राहिली की सगळा भार एकाच टाचेवर टाकते. नवऱ्यानं मोठ्यानं दार लावलं की आधी पोट आवळतं, मग राग येतो. मानेतला चिमटा गेला, कंबर मोकळी झाली. रात्री कूस बदलताना ती कण्हायची थांबली. हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं.

वर्ग सुटल्यावर साहेबांनी तिला वर बोलावलं. साहेब म्हणजे कामगारांच्या रजा, तक्रारी, नेमणुका बघणारे. माणूस गोड बोलायचा. तिला बसा म्हणाले. या ऑफिसात अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच बसली.

टेबलावर एक कागद होता. 'मी आणि सदर कामगार अकरा वर्षे एकाच रोलरवर समान काम करीत आहोत. व्यायामामुळे माझा त्रास पूर्ण बरा झाला आहे. सदर त्रास कामामुळे होत नसून शरीराची निगा न राखल्यामुळे होतो, असे माझे मत आहे.'

सदर कामगार म्हणजे आक्का. काडीची जोडीदारीण. रोलरवर चादर दोघींनी लावायची असते, एकीनं एक कोपरा, दुसरीनं दुसरा. अकरा वर्षांपूर्वी काडी नवीन आली तेव्हा आक्कानंच तिला कोपरा कसा धरायचा ते शिकवलं, आणि अंगकाठी बघून हे नावही ठेवलं. आता ती काही काडी राहिली नव्हती, नाव राहिलं होतं. आक्काचा उजवा खांदा तीन वर्षं कुरकुरत होता आणि आता पार गेला होता. दहा दिवसांपूर्वी कंपनीनं तिला सक्तीच्या रजेवर घरी बसवलं. गुरुवारी डॉक्टरांसमोर तपासणी होती. खांदा कामामुळे गेला असं ठरलं तर तिला बसून करायचं काम आणि उपचार द्यावे लागणार होते. घरकामानं आणि वयानं गेला असं ठरलं तर नुसतं घरी जा.

"तुमचं उदाहरण आम्हाला सगळ्यांपुढे ठेवायचंय," साहेब म्हणाले. वर्गाची गटप्रमुख म्हणून तिचं नाव पुढे करणार होते ते. गटप्रमुख झाली की रोज अर्धा तास रोलरपासून सुटका. खाली सूचनाफलकावर तिचा चटईवरचा फोटो आधीच लागला होता.

उद्या वाचून देते म्हणून काडीनं कागद घरी नेला.

नवऱ्यानं तो दिव्याखाली धरून दोनदा वाचला. तो टायरच्या दुकानात कामाला होता, आणि कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी फिरवून बघायची त्याला सवय होती.

"यात खोटं काय आहे?" तो म्हणाला. "एकच रोलर, बरोबर. अकरा वर्षं, बरोबर. तू बरी झालीस, ते तर मी रोज बघतोय. तीन खऱ्या गोष्टी आणि एक मत. मताचं काय, मत कुणाचंही असतं."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आक्काच्या वयाला, आक्काच्या हट्टाला, व्यायामाला नावं ठेवण्याला तीही मनातून थोडा दोष देतच होती. तिनं पेन उघडलं. सही करायला वाकली तर लक्षात आलं, दातांवर दात बसलेत आणि श्वास अडलाय. कुणी ओरडलं नव्हतं, दार आपटलं नव्हतं. अंग कशाला नाही म्हणतंय ते तिला कळलं नाही. तिनं पेन मिटलं. नवरा म्हणाला, व्यायामानं डोकं पण लवचिक व्हायला हवं होतं. तिनं त्याला, झोप आता, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती रोलरवर नेहमीसारखी उभी राहिली. नेहमीसारखी म्हणजे गेले दहा दिवस जशी उभी राहत होती तशी, ट्रॉलीकडच्या बाजूला. आक्का रजेवर गेल्यावर जोडीत काडीच जुनी आणि पलीकडे एक नवी पोरगी. जुनीनं ट्रॉलीकडे उभं राहायचं, असं तिनं आपल्या रोलरवर कायम बघितलं होतं.

पहिल्या दोन दिवसांतच उजवीकडे दुखायला लागलं होतं. वर्ग एक चुकला म्हणून असेल, असं तिनं धरलं. आज तिनं रस्ता शोधला. बगलेच्या मागून निघतं, दंडाच्या खालच्या अंगानं कोपरापर्यंत येतं, तिथं जरा थांबतं आणि मग करंगळीत मुंग्या. कधी निघतं? चादर लावताना नाही. त्याच्या आधी. पिळून आलेल्या चादरी ट्रॉलीत एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या असतात. एक ओढली की तिच्याबरोबर ओल्या दोन वर येतात, आणि तो सगळा भार हिसका देऊन सोडवायचा तो ट्रॉलीकडच्या हातानं. चादर सुटली की दुसरा कोपरा पलीकडे जातो. पलीकडची पोरगी हात पुढं करून उभी होती. वाढलेलं ताट घ्यावं तसा तिनं कोपरा घेतला.

काडीनं तिच्याकडे पाहिलं. पोरीचा खांदा खाली, मान मोकळी. नीट उभी होती ती. व्यायाम न करताच.

जेवणाची सुट्टी झाली. परत आल्यावर पोरगी ट्रॉलीपाशी येऊन थांबली आणि चाचरत म्हणाली,

"ताई, बाजू बदलायची ना?"

"काय?"

पोरीनं भिंतीकडे बोट केलं. वाफेनं निम्मी पुसलेली पाटी होती. जेवणाच्या सुट्टीनंतर जोडीने बाजू बदलावी. काडी रोज त्या पाटीखालून जायची. बाकीच्या पाचही रोलरवर बायका आत्ता इकडच्या तिकडे होत होत्या.

आपण कधीपासून बाजू बदलली नाही, हे तिला शोधावं लागलं नाही. मुलगी पोटात होती तेव्हा सहाव्या महिन्यात आक्का म्हणाली होती, तुझं पोट ट्रॉलीला घासतंय, तिकडे हो. ती तिकडे झाली. बाळंतपणानंतर परत आली ती सरळ त्याच जागी जाऊन उभी राहिली. मुलगी आता दहा वर्षांची होती.

संध्याकाळी ती आक्काकडे गेली. आक्का डाव्या हातानं भांडी विसळत होती आणि उजवा हात पोटाशी धरलेला होता, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

"फोटो बघितला तुझा," आक्का म्हणाली. "कुणीतरी मोबाइलवर दाखवला. पाय वर करून पडलीयेस. उलट्या झुरळासारखी."

काडी हसली नाही. तिनं भांडी घासायला घेतली तर आक्कानं ढकलून बाजूला केलं. मग काडीनं उभ्याउभ्याच सांगितलं. पोरीनं काय विचारलं ते, पाटीचं, करंगळीचं. आक्का विसळत राहिली.

"आक्का, तू बदल म्हणाली का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून वाट बघितली," आक्का म्हणाली. "वर्षभर. मग सवय झाली. खांद्याला नाही, मला."

नळ चालू होता. काडीनं तो बंद केला.

"मी गुरुवारी सांगते."

यावर मात्र आक्का वळली. काय सांगशील, असं तिनं विचारलं. नियम मोडला हे? ते वाटच बघतायत. बायकांनीच नियम पाळला नाही, आमचा काय दोष, म्हणून हात झटकतील आणि जाता जाता तुलाही काढतील. माझं गेलं ते गेलं, तुझी पोर शाळेत आहे. वर गटप्रमुख होणार म्हणे. हो की. एक तरी धड राहू दे आपल्यातली. हे सगळं ती इतक्या थंडपणे बोलली की काडीला तोंडात मारल्यासारखं झालं. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

गुरुवारी वरच्या खोलीत तिघं होते. साहेब, नियमाप्रमाणे बाहेरून आलेल्या डॉक्टरबाई, आणि भिंतीकडेच्या खुर्चीत आक्का. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा टोकावर ठेवून कागद वाचणाऱ्या. साहेबांनी काडीला आत घेतलं आणि ओळख करून दिली. समान काम, समान वर्षं. एक बाई ठणठणीत, दुसरी ही अशी. फरक काय, तर एकीनं स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिलं.

"दिलं," काडी म्हणाली. "म्हणून ही सही करणार नाही."

तिनं कागद टेबलावर ठेवला. कोराच होता तो, खालच्या बाजूला. दोन्ही टाचा जमिनीवर आहेत का ते तिनं बघितलं आणि बोलायला लागली. काम समान नाही. ट्रॉलीकडची ओढते, पलीकडची झेलते. दहा वर्षं आक्कानं ओढलं आणि मी झेललं. माझा खांदा चांगला आहे तो व्यायामानं नाही, तो मुळात बिघडलाच नव्हता. मान मोकळी झाली व्यायामानं, कंबरही, ते मी नाकारत नाही, बाई चांगलं शिकवते. पण खांदा तिचा गेला, कारण माझ्या वाटणीचं तिनं ओढलं.

साहेब पुढे झुकले. त्यांचा आवाज अजून गोड झाला होता.

"म्हणजे बाजू बदलायचा नियम तुम्ही पाळला नाही. दोघींनी."

आक्कानं मान वर केली. काडीनं तिच्याकडे बघितलं नाही.

"मी पाळला नाही. लिहून घ्या. पाटी मला वाचता येते. दहा वर्षं मी बदलली नाही, आणि दहा वर्षं तुमच्या सुपरवायझरनं रोज रोलरवर येऊन सही केली की बाजू बदलली. त्यांचंही लिहून घ्या. माझ्यावर काय करायचं ते करा. पण नियम मोडला की खांदा जातो, हे तुम्हीच पाटी लावून कबूल केलंय. नाहीतर पाटी कशाला लावली?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. हा या तपासणीचा विषय नाही, असं म्हणाले. तक्रार करायची तर वेगळी पद्धत आहे.

डॉक्टरबाई मघापासून फाईलमधलं एक पान धरून बसल्या होत्या. त्यांनी काडीला विचारलं, तुम्ही आता ट्रॉलीकडे उभ्या राहता? किती दिवस? बारा. काही होतं का?

काडीनं हात वर केला नाही, चेहरा वाकडा केला नाही. रस्ता सांगितला. बगलेच्या मागून. दंडाच्या खालच्या अंगानं. कोपरापाशी थांबून. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, आणि तेही सकाळी उठल्यावर जास्त.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला.

"हे तुम्ही कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही. बघितलं."

त्यांनी हातातलं पान साहेबांकडे फिरवलं. तीन वर्षांपूर्वीचं दवाखान्याचं पान होतं, आक्कानं पहिल्यांदा दाखवलं तेव्हाचं, आणि बगलेपासून करंगळीपर्यंत तोच रस्ता त्यात लिहिला होता. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, दोघी मैत्रिणी आहेत, बोलणं झालं असेल आपापसात. ते म्हणताना त्यांनी काडीकडे बघितलं नाही.

"असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि उठल्या. "रोलर कुठं आहे?"

खाली ओलं असतं, असं साहेबांनी सुचवलं. डॉक्टरबाई जिन्यात पोचलेल्या होत्या.

रोलरपाशी वाफ दाटलेली. बायकांनी मान न वळवता सगळं बघितलं. पोरगी बाजूला झाली आणि काडी पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. डॉक्टरबाईंनी घड्याळ काढून खिशात टाकलं, ट्रॉलीत हात घातला आणि ओढलं. चादर आली नाही. परत ओढलं तेव्हा तीन आल्या. त्यांनी कोपरा सोडवला, दुसरा काडीकडे टाकला, आणि चादर वेडीवाकडी का होईना रोलरमध्ये गेली. दुसरी. तिसरी. चौथीला त्यांनी मध्येच थांबून उजवा हात झटकला. नवव्या चादरीनंतर त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या.

"दिवसाला किती?"

"सहाशेच्या वर," साहेब म्हणाले. "पण मध्ये सुट्ट्या असतात."

"या तुम्ही."

साहेब हसले. त्यांना साडेअकराला मीटिंग होती, ते त्यांनी सांगितलं. डॉक्टरबाईंनी ओल्या चादरीचा कोपरा त्यांच्यासमोर धरला आणि धरून ठेवला. चादरीतून पाणी साहेबांच्या बुटावर पडायला लागलं तसा त्यांनी तो घेतला. घड्या घालणारी बाई आज कुठंच झोपलेली नव्हती. ती पुढे येऊन उभी राहिली होती.

साहेब ट्रॉलीच्या बाजूला उभे राहिले. शर्टाला पाणी लागू नये म्हणून कोपर पोटाशी घट्ट धरून, दोन बोटांत कोपरा पकडून त्यांनी तो रोलरच्या तोंडाशी नेला. काडीनं आपला कोपरा लावला आणि थांबली.

आक्का खाली येऊन भिंतीपाशी उभी होती.

"कोपर वर घ्या, साहेब," ती म्हणाली. "खाली राहिलं की बाही आत ओढतो रोलर."

साहेबांनी झटकन कोपर खांद्याच्या रेषेत आणलं.

"अजून वर," आक्का म्हणाली.